सोफा कम बेड बनवून घ्यायचाय? आधी बेड आखा, सोफा नंतर

आमचा हॉल दहा बाय चौदा. डोंबिवलीतला वन बीएचके, त्यामुळे दिवसा तो हॉल असतो आणि रात्री अकरानंतर आई आणि माझा मुलगा यांची बेडरूम. आधी आम्ही दुकानातून लोखंडी सांगाड्याचा, तीन घडीचा सोफा कम बेड आणला होता. दिसायला झकास, शोरूममध्ये सेल्समनने एका हाताने उघडून दाखवला आणि आम्ही खूश. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की गादीच्या खाली एक आडवा दांडा आहे आणि तो बरोबर कंबरेखाली येतो. आई म्हणाली, "अरे, रात्रभर कुणीतरी काठीवर निजवल्यासारखं वाटतं." तीन वर्षांत स्प्रिंगा गेल्या, मग एका बाजूचा जोड सुटला, शेवटी तो भंगारवाल्याने नेला.

दुसरा मी स्वतः आखून मिस्त्रीकडून बनवून घेतला. त्यात ज्या चुका झाल्या, ज्या टळल्या, आणि जी मापं शेवटी जमली ती सगळी इथे देतोय. लेख मोठा आहे, पण मापं आयती मिळतील.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. बहुतेक जण सोफा आखतात आणि मग तो उघडला की बेड किती होतो ते बघतात. हे उलटं करायचं. बसताना माणूस सरकतो, मांडी घालतो, पाठीला उशी घेतो, कसंही जमवून घेतो. झोपेत ते जमत नाही. म्हणून आधी बेड आखा, त्या बेडची घडी घातली की जो सोफा होईल तो सोफा.

पेपर अंथरा, रात्री चालून बघा

टेप घेऊन भिंत मोजलीत की झालं असं नाही. जुने वर्तमानपत्राचे कागद घ्या आणि फरशीवर सोफ्याच्या मापाचा चौकोन अंथरा, कडा चिकटपट्टीने चिकटवा. आधी बंद माप, मग उघडं. माझं बंद माप होतं ८४ इंच लांब आणि भिंतीपासून ३६ इंच पुढे, उघडल्यावर भिंतीपासून ५५ इंच. दहा फुटांचे १२० इंच, त्यातून ५५ गेले, समोर टीव्ही युनिट १६ इंचांचं, उरले ४९. म्हणजे चार फुटांची वाट राहते, रात्री बाथरूमला जाणाऱ्याला पुरते.

कागद दोन दिवस तसेच ठेवा आणि खरंच त्यावर पाय न देता वावरा. मग लक्षात येतं की मेन दरवाजा आत उघडतो आणि त्याचं टोक बेडला लागतं, किंवा गॅलरीचं सरकतं दार अर्धंच उघडता येतं, किंवा टीपॉय रात्री ठेवायचा कुठे याचा कुणी विचारच केलेला नाही. आमच्याकडे टीपॉयवरूनच आधी वाद झाला, शेवटी तो डायनिंगच्या खाली सरकेल इतका बुटका केला. पंखा कुठे येतो, चार्जिंगचा पॉइंट हाताला लागतो का, हेही याच वेळी बघा.

आणि जिना. लिफ्टची केबिन मोजा, जिन्याचं वळण मोजा. सात फुटी सोफा अखंड बनवलात आणि वळणावर अडकला तर वरून दोरीने चढवावा लागतो. दोन्ही बाजूचे हात नट-बोल्टवर ठेवले की हा प्रश्न सुटतो, त्याबद्दल पुढे येतंच.

प्रकार कुठला निवडायचा

बाजारात चार-पाच प्रकार दिसतात. लोखंडी तीन घडीचा, त्याचं रडगाणं वर गाऊन झालं. पाठ मागे पडून सपाट होणारा, खटकन आवाज येतो तो, त्यात बिजागरी चांगली असेल तर सोय आहे पण तो उघडायला भिंतीपासून सोफा पुढे ओढावा लागतो, आणि रोज रात्री ओढणार कोण? नुसत्या फोमचा, घडी उलगडून जमिनीवर अंथरायचा, तो पाहुण्यांपुरता ठीक, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठवू नका. दिवाणाच्या खाली दुसरा बुटका दिवाण, हा उत्तम प्रकार, मुलांसाठी तर फारच छान, फक्त दोन्हींची उंची सारखी राहत नाही.

आणि राहिला तो पट्ट्यांचा सरकता. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि हळूहळू बाहेर ओढा, तसा. मागच्या चौकटीला पक्क्या पट्ट्या, पुढच्या चौकटीला सरकत्या पट्ट्या, एकीच्या फटीत दुसरी. पुढचा भाग ओढला की पट्ट्या पसरतात आणि बेड होतो. यात स्प्रिंग नाही, बिजागरी नाही, गॅस पंप नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, आणि कुठलाही बरा सुतार तो करू शकतो. रोजच्या झोपेसाठी मी हाच निवडला आणि पुढची सगळी मापं याचीच आहेत.

गादीचा सांधा कुठे येतो?

सगळ्या डिझाइनची गंमत इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबा.

सोफा कम बेडची गादी अखंड नसते, तुकड्यांची असते, आणि दोन तुकड्यांमध्ये सांधा येणारच. तो टाळता येत नाही, पण कुठे आणायचा ते आपल्या हातात असतं. माणूस सोफ्याला आडवा झोपणार असेल, म्हणजे डोकं पाठीकडे आणि पाय बाहेर, तर सांधे कंबरेखाली आणि पोटरीखाली येतात. माणूस सोफ्याच्या लांबीला धरून झोपला आणि गादीचे दोनच लांब तुकडे असले, तर सांधा दोन माणसांच्या मध्ये येतो. तिथे कुणी झोपतच नाही! एकटा माणूस असला तर तो एका गादीवर झोपतो, सांध्यापासून लांब.

आता आकडे. दोन माणसांना चार फूट रुंदी लागते, म्हणजे ४८ इंच. प्रशस्त नाही, पण आजी-नातू, दोन भावंडं, अधूनमधून येणारे मेव्हणे-मेव्हणी यांना पुरते. ४८चे दोन भाग, २४ आणि २४. बसायची गादी २४ इंच रुंद, पाठीची गादी २४ इंच उंच, दोन्ही पाच इंच जाड. बंद असताना पाठीची गादी बसायच्या गादीच्या मागे उभी राहते, म्हणजे खालच्या पाटाची खोली २४ अधिक ५, झाले २९ इंच. उघडताना पुढचा भाग १९ इंच बाहेर येतो, २९ अधिक १९ म्हणजे ४८. बसायची गादी पुढच्या भागाबरोबर पुढे जाते, मागे २४ इंचांची जागा मोकळी होते आणि पाठीची गादी तिथे आडवी पडते. काही उचलायचं नाही, कुठे नेऊन ठेवायचं नाही. आईने पहिल्यांदा केलं तेव्हा चुटकीसरशी झालं.

लांबीसाठी झोपणाऱ्या सगळ्यात उंच माणसाची उंची घ्या आणि त्यात सहा इंच मिळवा. माझी उंची पाच फूट दहा, म्हणजे ७० इंच, त्यात सहा, ७६. ही हातांच्या आतली लांबी. दोन्ही बाजूला चार-चार इंचांचे हात धरले की ८४. मुलगा वाढतोय म्हणून मी माझंच माप धरलं, आईच्या मापाने केलं असतं तर चार वर्षांनी त्याचे पाय हाताला लागले असते.

उंची अशी: पट्ट्यांचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून १२ इंच, त्यावर पाच इंच गादी, बसायची उंची १७. घरात गुडघेदुखी असेल तर पट्ट्या १३ इंचांवर घ्या, एका इंचानेसुद्धा उठताना फरक पडतो. पाठीचं वरचं टोक १२ अधिक २४, म्हणजे ३६ इंचांच्या आसपास, बहुतेक खिडक्यांच्या कठड्याइतकं.

याला एक खोट आहे. २४ इंच खोल बसायची जागा आपल्याकडच्या बायकांना जास्त होते, पाठ टेकली की पाय लोंबकळतात. उपाय सोपा, रात्री डोक्याखाली घ्यायच्या उशांना सोफ्याच्याच कापडाचे अभ्रे शिवा आणि दिवसा त्या पाठीला लावा. चार इंच उशीने खोली वीसवर येते आणि उशा ठेवायला कपाटात जागाही लागत नाही.

पट्ट्यांचं गणित

पट्टी अडीच इंच रुंद, एक इंच जाड, २९ इंच लांब. पक्क्या पट्ट्या १५, सरकत्या १४. दोन पट्ट्यांमध्ये फट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. आता बेरीज करा: २९ पट्ट्या गुणिले अडीच म्हणजे साडेबहात्तर, मधल्या २८ फटींचे साडेतीन इंच, एकूण बरोबर ७६. हे जुळावं म्हणून मी पट्टीची रुंदी तीन वेळा बदलून बघितली, तुमची लांबी वेगळी असेल तर तुम्हालाही बघावी लागेल. दोन्ही टोकांना पक्कीच पट्टी आली पाहिजे, म्हणून पक्क्या एकाने जास्त.

ती एक सूत फट कमी करू नका. मिस्त्रीला काम नीटस दिसावं असं वाटतं म्हणून तो फट अगदी कागदाएवढी ठेवतो, मे महिन्यात ते छान सरकतं आणि जुलैत लाकूड फुगलं की हलत नाही. डोंबिवलीचा पावसाळा माहीत आहे ना, दारं चौकटीत अडकतात तिथे पट्ट्यांचं काय.

पट्ट्या प्लायच्या नकोत. माझी पहिली चूक हीच. अठरा एमएमच्या प्लायचे उरलेले तुकडे होते, मिस्त्री म्हणाला "हो जाएगा", मी हो म्हटलं. झालं, पण बसलं की पट्टी दबायची आणि उठलं की वर यायची, मुलाला ट्रॅम्पोलीन मिळालं. महिन्याभरात सगळ्या पट्ट्या काढून एक इंची भरीव लाकडाच्या घातल्या. पट्टीची जाडी थोडी वाढली की मजबुती कितीतरी पटीने वाढते, रुंदी वाढवून ते होत नाही.

लाकूड कुठलं? सागवान सगळ्यात चांगलं, फुगत कमी, वाळवी लवकर लागत नाही, पण नवीन घ्यायला गेलात तर खिसा रिकामा. जुन्या इमारती पडतात त्यातल्या दारा-चौकटींचं सागवान लाकूडबाजारात मिळतं, ते वाळून वाळून आता आणखी वाकायचं राहिलेलं नसतं, फक्त खिळे नीट काढून घ्या नाहीतर रंध्याचं पातं जातं. साल जातीचं लाकूड चालतं, जड असतं. पाइन घेणार असाल तर प्रत्येक पट्टी हातात घेऊन बघा, मधोमध गाठ असलेली पट्टी बाजूला काढा, ती तिथेच मोडते. पट्ट्या, दांडे आणि पाठीची चौकट मिळून तासणी-वाया धरून साधारण तीन घनफूट लाकूड लागतं.

प्लाय लागतो तो हात, पुढची फळी आणि पाठीमागे. हॉलमध्ये साधा एमआर ग्रेड, म्हणजे दमट हवा सोसणारा, आयएस ३०३चा शिक्का असलेला पुरतो. आयएस ७१०चा मरीन प्लाय स्वयंपाकघरासाठी ठेवा. पण लादी पुसताना पाणी लागतं म्हणून प्लायची खालची कड उघडी सोडू नका, पट्टी मारून घ्या.

सांगाडा कसा उभा करायचा

तीन दांडे लक्षात ठेवा: मागचा, मधला आणि पुढचा. तिन्ही दीड इंच जाड, तीन इंच उंच, उभे. मागचा आणि मधला पक्के, दोन्ही बाजूच्या फळ्यांना जोडलेले. पुढचा सरकता, त्याला चाकं.

मागचा दांडा अगदी मागे. मधल्या दांड्याची मागची कड पाटाच्या मागच्या कडेपासून सव्वाबावीस इंचांवर. हा आकडा उगाच नाही, त्याचं कारण पुढे येतं. मधल्या दांड्याला मध्यभागी जमिनीपर्यंत एक पाय द्या, ७६ इंच लांब दांडा अधांतरी ठेवला तर काही महिन्यांत झोळी होते.

पक्क्या पट्ट्या मागच्या आणि मधल्या दांड्यावर, दोन्हीकडे दोन-दोन स्क्रू. आधी ड्रिलने भोक पाडा, कडक लाकडात थेट स्क्रू घातला की टोक चिरतं. पट्ट्यांमधली फट डोळ्याने ठेवायची नाही. सनमायका एक एमएमचा असतो, त्याचे तीन तुकडे एकावर एक घेतले की तीन एमएमचं माप तयार. पक्की पट्टी, सनमायका, सरकती पट्टी, सनमायका, परत पक्की पट्टी, असं सगळं जागेवर रचत जायचं आणि पक्क्या पट्ट्यांनाच स्क्रू मारायचे. सरकत्या नुसत्या मध्ये ठेवलेल्या. गुण्या लावून काटकोन प्रत्येक चौथ्या-पाचव्या पट्टीला तपासा.

मग पुढचा दांडा सरकत्या पट्ट्यांच्या पुढच्या टोकाखाली सारायचा आणि त्या जागेवरच त्याला ठोकायच्या. पट्ट्या आधी दुसरीकडे ठोकून मग बसवायला गेलात तर चौदातल्या दोन तरी अडकणारच.

आता सव्वाबावीसची गोष्ट. सरकत्या पट्ट्यांना मागच्या टोकाजवळ खालून एक आडपट्टी लागते, दीड इंच रुंद, टोकापासून पावणेदोन इंच सोडून. ती सगळ्या सरकत्या पट्ट्यांना एकत्र बांधते, पण तिची आणखी दोन कामं आहेत. पुढचा भाग १९ इंच बाहेर आला की ही आडपट्टी मधल्या दांड्याला जाऊन टेकते, म्हणजे स्टॉपर, भाग निखळून हातात येत नाही. पावणेदोन, दीड आणि एकोणीस, बेरीज सव्वाबावीस. दुसरं, ती पक्क्या पट्ट्यांच्या खालून जाते, त्यामुळे कुणी अगदी पुढच्या कडेवर धपकन बसलं तरी मागचं टोक वर उचललं जात नाही. आणि ती पावणेदोन इंच मोकळी टोकं बंद असताना मागच्या दांड्यावर टेकतात, म्हणजे बसणाऱ्याचं वजन तिथेही पेललं जातं. आडपट्टीला फक्त स्क्रू, फेविकॉल नाही, नाहीतर पुढेमागे सरकता भाग काढता येणार नाही.

पुढच्या दांड्याखाली पाय आणि त्यांना तीन चाकं, दोन्ही टोकांना आणि मध्ये. दोन इंची, रबराची, आणि सरळ चालणारी. गोल फिरणारी घेऊ नका, ओढताना भाग तिरका जातो आणि पट्ट्या चावतात. जुन्या इमारतीत लादीला उतार असतो, तीनपैकी एक चाक हवेत राहतं, त्याच्याखाली वॉशरचं पॅकिंग देऊन तिन्ही टेकतील असं करा.

पुढची फळी प्लायची, जमिनीपासून दीड इंच वर ठेवून. तिची वरची कड पट्ट्यांच्या एक इंच वर येऊ द्या, हा छोटासा कठडा गादी पुढे घसरू देत नाही. हँडल मध्यभागी एक देऊ नका, अडीच फुटांच्या अंतरावर दोन खाचा पाडा, दोन्ही हातांनी सारखं ओढलं जातं.

पट्ट्यांच्या बाजूच्या कडांना पॉलिश मारू द्यायचं नाही. पॉलिशचा थर चढतो आणि दमट हवेत चिकटतो. तिथे फक्त पॉलिश पेपर आणि मग मेणबत्ती. साधी पांढरी मेणबत्ती घेऊन कडांवर आणि दांड्यांच्या वर घासायची, लोण्यासारखं सरकतं.

पाठ आणि हात

पाठीची चौकट २४ इंच उंच, खालून वर जाताना चार इंच मागे झुकलेली. अगदी उभी पाठ ठेवलीत तर एसटीच्या बाकड्यासारखं वाटतं, फार झुकवलीत तर भिंतीपासूनची जागा खाते. चौकटीला पुढून सहा एमएमचा प्लाय पुरतो. मागची बाजू भिंतीलाच असते, तिथे सनमायकाचा खर्च करू नका, त्यापेक्षा खाली झाडू जाईल एवढी मोकळीक ठेवा.

हात जमिनीपासून २४ इंच उंच, वरून सपाट, चार इंच रुंद. सपाट यासाठी की चहाचा कप राहतो. प्रत्येक हात सांगाड्याला चार नट-बोल्टने, आतल्या बाजूने. सामान वर चढवताना आणि पुढे घर बदलताना याचे आशीर्वाद मिळतील.

खाली स्टोरेज पाहिजे असं सगळे म्हणतात. सरकत्या पट्ट्या आणि ड्रॉवर दोघांना एकच जागा हवी असते, दोन्ही कोंबायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतं. मागच्या बाजूला दोन बुटक्या पेट्या सरकवून ठेवता येतात, मधला पाय सांभाळून, बेड उघडला की त्या काढता येतात. आमच्या दोन गोधड्या आणि मच्छरदाणी तिथेच असते.

गाद्या जुळ्या करा

दोन्ही गाद्या हुबेहूब सारख्या: ७६ बाय २४ बाय ५. बरेच जण पाठीची गादी मऊ आणि पातळ करतात, सोफ्याला ते बरं वाटतं, पण रात्री दोन गाद्यांमध्ये पायरी पडते. सारख्या केल्या तरी वर्षभरात बसायची गादी दबते आणि पाठीची टणटणीत राहते, परत पायरी. जुळ्या असल्या की महिन्याला अदलाबदल करता येते आणि दोन्ही सारख्याच दबतात.

आत काय भरायचं तर खाली एक इंच रिबॉन्डेड फोम (फोमचा चुरा चिकटवून दाबलेला, टणक), वर चार इंच ४० डेन्सिटीचा पीयू फोम. पट्ट्यांमध्ये बेड उघडल्यावर पावणेतीन इंचांच्या फटी पडतात, नुसता मऊ फोम त्यात उतरतो, रिबॉन्डेड उतरत नाही. फोमवाला ४० सांगून ३२ देतो का हे कळायला वजन करा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन, दुसरं काही नाही. ७६ बाय २४ बाय ४चा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर पावणेपाच किलोच्या थोडा वर भरतो, ३२चा असेल तर पावणेचारच्या थोडा वर. बॅगा मोजायचा काटा घेऊन गेलो होतो मी, दुकानदार आधी हसला, मग आतून दुसरा तुकडा आणला. फोमची शीट बऱ्याचदा सहा फुटी असते, मग चार इंचांचा जोड चिकटवतात, तो पायाकडच्या बाजूला येईल असं बघा.

कापड ५४ इंच पन्ह्याचं घेतलंत तर एका गादीला साधारण दोन मीटर साठ सेंटिमीटर, दोन्हींना साडेपाच मीटर धरा. वरचा आणि खालचा तुकडा पन्ह्यात शेजारी-शेजारी बसतात, उरलेल्यातून बाजूच्या पट्ट्या निघतात. कव्हरला चेन हवीच, लांब बाजूला. कडेला पायपिंग, म्हणजे शिवणीतली दोरीची गोल कड, करू नका, दोन गाद्या भिडतात तिथे ती टोचते. फोम कव्हरपेक्षा पाव-अर्धा इंच मोठा कापून घ्या म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. दोन्ही गाद्यांना खालून पट्टे शिवून घ्या, जे बसायला असेल तिचे पट्टे पुढच्या दांड्याला अडकवायचे म्हणजे ओढताना गादी आपसूक पुढे येते. वरच्या कडेला वेल्क्रो, पाठीला असेल तेव्हा चौकटीला चिकटते आणि खाली घसरत नाही.

सांध्यावर झोपायची वेळ आलीच, म्हणजे तिसरा माणूस आला, तर बेडशीटखाली एक गोधडी अंथरा. जुन्या नऊवारी-सहावारीच्या दोन-तीन पदरांची गोधडी सांधा असा झाकते की पाहुण्याला कळतसुद्धा नाही. बेडशीट सिंगलची पुरत नाही, ६० बाय ९० इंची चादर ४८ इंचांवर टाकली की बाजूला सहा-सहा इंच उरतात आणि गादीच पाच इंच जाड, खोचायला काही राहत नाही. डबलचीच घ्या.

पैसे द्यायच्या आधी

काम उक्तं दिलं असेल तर शेवटचा हप्ता हातात ठेवा आणि या गोष्टी करून बघा. एकदा फक्त डाव्या हँडलने ओढा, एकदा फक्त उजव्या, तिरका होऊन अडकतो का? उघडा असताना पुढच्या कडेच्या मध्यावर दोघांनी बसा. अंधारात उघडा, कारण रोज तसाच उघडायचाय, बोट पट्ट्यांत जातं का? लहान मूल असेल तर हे शेवटचं फार महत्त्वाचं, गादी न ठेवता नुसत्या पट्ट्या सरकवायचा खेळ त्याला सापडला तर बोट चिरडेल. आणि ज्या माणसाला रोज उघडायचाय त्यालाच उघडायला लावा. मिस्त्रीच्या दंडात ताकद असते, त्याला सगळंच हलकं लागतं.

आम्ही आईला बोलावलं, तिने ओढून बघितला आणि म्हणाली, "मिस्त्री, सगळं छान आहे, पण अर्ध्यात खरखरतंय बघा." सातव्या पट्टीच्या स्क्रूचं डोकं एक केस वर होतं. दोन मिनिटांचं काम, पण नंतर त्याला परत बोलवायला दोन महिने गेले असते.

आता रोजची काळजी म्हणाल तर पावसाळ्याच्या आधी, मेच्या शेवटी, एकदा मेणबत्ती फिरवायची. ऑक्टोबरात गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि पट्ट्यांची टोकं टॉर्च लावून बघायची, ढेकूण लपला तर तिथेच लपतो. आणि गाद्यांची अदलाबदल दर संकष्टीला, तारीख लक्षात राहत नाही म्हणून आईनेच ठरवलंय ते. सकाळी ती पट्टे सोडते, मुलगा गादी ओढतो आणि मी चेन कुठल्या बाजूला गेली त्यावरून ओरडा खातो.